एकशे तीस पावलांवरचा चेहरा

लिंडनाख गावात कोर्बिनियान स्ट्रोबलला सगळे ओळखत होते आणि त्याचा चेहरा मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. त्याचं कारण त्याचा धंदा. तो धुराडी साफ करायचा. सोमवार ते शनिवार डोक्यापासून पायापर्यंत काजळीने माखलेला, खांद्यावर शिडी, कमरेला दोर आणि काट्यांचा गोल ब्रश. त्या काळ्या आकृतीत दोन डोळे आणि दातांची एक ओळ, एवढंच काय ते माणसाचं दिसायचं.

गावात त्याला मान होता, तो काजळीचा. सकाळी धुराडीवाला समोर आला की दिवस चांगला जातो, ही तिकडची पक्की समजूत. त्यामुळे त्याच्या कोटाच्या पितळी गुंडीला हात लावल्याशिवाय बेकरीवाली एर्टलबाई भट्टी पेटवायची नाही. एकोणीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. मुलीचं लग्न असलं की तिची आई आदल्या दिवशी त्याला गाठून म्हणायची, उद्या दहाच्या सुमाराला चर्चवरून सहज जाशील का रे. स्ट्रोबल सहज जायचा. त्यासाठी त्याला दुसऱ्या टोकाच्या गल्लीतलं काम सोडून यावं लागायचं, पण ते तो कोणाला सांगत नसे.

शनिवारी संध्याकाळी त्याची बायको झेन्झी दोन हंडे पाणी तापवायची आणि लाकडी टपात बसवून त्याला तासभर घासायची. तिसरं पाणी जरा स्वच्छ निघालं की आतून एक्कावन्न वर्षांचा एक गोरा, तांबूस मिशांचा, गालांवर बारीक बारीक सुरकुत्या असलेला माणूस बाहेर यायचा. रविवारी हा माणूस चर्चला गेला की लोक पाहुण्यासाठी सरकावं तसे बाकावर सरकून त्याला जागा द्यायचे. पोस्टाजवळच्या खाणावळीतल्या वाढपिणीने एका वर्षात तीनदा त्याला विचारलं होतं, खोली हवी आहे का. एका रविवारी तर खुद्द गावच्या नोटरीने, ज्याची पाच धुराडी स्ट्रोबल वर्षातून चारदा साफ करायचा त्याने, त्याला तळ्याकडे जायची वाट समजावून सांगितली. स्ट्रोबलने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि आभार मानले. वाट चांगली सांगितली होती, असं तो नंतर म्हणाला.

अशा गोष्टी तो स्वतःच रंगवून सांगायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. पण त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी बँडवाल्यांनी नवरदेवाची चांदीची डहाळी झेन्झीच्या भावाच्या कोटाला लावली. बँडचा म्होरक्या तर त्याचा शेजारी. तेव्हाही तो हसला. घरी जाताना मात्र तो वाटभर झेन्झीच्या चार पावलं पुढे चालला.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९११ च्या जून महिन्यात, स्ट्रोबल नेमबाजांचा राजा झाला.

लिंडनाखच्या नेमबाज मंडळात बावीस सभासद होते. वर्षातून एकदा प्रत्येकाला एकच गोळी मिळायची, जो मध्याच्या सर्वांत जवळ मारेल तो वर्षभराचा राजा. चोवीस वर्षांत स्ट्रोबलला या स्पर्धेत कधी सॉसेजची माळसुद्धा मिळाली नव्हती. राजेपद बहुतेक करून झावेर रांबोल्ड या खाटकाकडे जायचं, नाहीतर मंडळाचे अध्यक्ष क्विरिन ह्योल्झ्ल यांच्याकडे. ह्योल्झ्ल म्हणजे गावचे बियर गाळणारे. त्यांच्या पोटामुळे त्यांची बंदूक आपोआप टेकून राहते, असं रांबोल्ड म्हणायचा. त्या वर्षी मात्र सकाळपासून तळ्यावरचा वारा सुटला होता. सगळ्यांचे हात हलत होते. स्ट्रोबल आयुष्यभर वाऱ्यात, एका पायावर, धुराड्याच्या काठाला धरून उभा राहिलेला. त्याने गोळी झाडली आणि खड्ड्यात बसलेल्या लुकासने, जो गोळी कुठे लागली ते लांब काठीने दाखवायचा, काठीच्या टोकाला आपली टोपी अडकवून नाचवली.

राजाच्या गळ्यात चांदीची साखळी पडते आणि डोक्यावर एक काम येतं. ऑक्टोबरात चर्चच्या वर्धापनाची जत्रा असते, तोवर राजाने लिंबाच्या लाकडाची, हात पसरावे एवढी गोल चकती रंगवून मंडळाला द्यायची. जत्रेच्या रविवारी तिच्यावर सगळ्यांनी एकेक गोळी मारायची. भोकात मारणाऱ्याच्या नंबराची लाकडी खुंटी ठोकायची आणि चकती मंडळाच्या भिंतीवर कायमची टांगायची. तिथे एकशे चौदा चकत्या होत्या. प्रत्येकीवर तळं, मागे डोंगर, मधोमध एक हरिण, आणि वरच्या कोपऱ्यात अंड्याएवढ्या जागेत त्या वर्षीचा राजा. गोळ्या हरणाला लागायच्या, राजा सुखरूप राहायचा.

गेली तीस वर्षं या चकत्या इग्नाझ फेंक रंगवत होता. दुकानांच्या पाट्या, शवपेट्यांवरची नावं, कपाटांवरची फुलं, सगळं गावात तोच करायचा. स्ट्रोबल चकती घेऊन त्याच्याकडे गेला तेव्हा फेंकने विचारायच्या आधीच कागदावर चित्र काढून ठेवलं होतं. तळं, डोंगर, हरिण, आणि कोपऱ्यात शिडी घेतलेला एक काळा ठिपका.

"तुझं काम सोपं आहे बघ," फेंक म्हणाला. "बाकीच्यांच्या नाकाडोळ्यांत माझे दोन दिवस जातात. तुला एका फटकाऱ्यात उडवतो."

स्ट्रोबलने टोपी हातात फिरवत सांगितलं की त्याला रविवारचा चेहरा हवा आहे. धुतलेला.

फेंक ब्रश पुसायचा थांबला. त्याला वाईट बोलायचं नव्हतं. त्याला खरंच प्रश्न पडला होता. "धुतलेला? अरे, मग तो तू आहेस हे कळणार कोणाला?"

स्ट्रोबलने चकती उचलली, पाठीला बांधली आणि घरी आणली. झेन्झीला त्याने एवढंच सांगितलं की फेंकला वेळ नाही.

त्या उन्हाळ्यात कल्हईवाल्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक चित्रकार बाई राहत होती. फ्रॉयलाइन, म्हणजे कुमारी, आडेलहाइड टोर्बेके, वय बत्तीस, राहणारी मागडेबुर्गची, उत्तरेकडच्या प्रशियाची, गावाला परकीच. प्रशियन माणूस आणि ओलं लाकूड घरात घेतलं की धूर होणारच, अशी तिकडे म्हण आहे, आणि या बाईच्या खोलीत खरोखरच धूर झाला होता. धुराड्यात कावळ्याचं घरटं निघालं. ते काढून स्ट्रोबल खोलीत उतरला तेव्हा भिंतीला टेकवलेली चित्रं त्याने पाहिली. गावातलंच चर्च, पण निळं. रस्ता गुलाबी. कल्हईवाल्याची गाय तांबडीलाल. गावात या चित्रांची एव्हाना बरीच टवाळी झाली होती. बाईला डोळ्यांचा आजार आहे, असं रांबोल्डची बायको सांगत फिरायची. स्ट्रोबलला मात्र गाय पटली. सकाळी सहा वाजता छपरावरून ती गाय अशीच दिसते, असं तो बोलून गेला. बाईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि विचारलं, काजळीखाली तुमचा रंग कोणता.

त्यानंतरच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, स्वच्छ धुतलेला, काळा कोट घातलेला स्ट्रोबल उभा असताना ही बाई पलीकडून चालत आली आणि म्हणाली, "नमस्कार स्ट्रोबल, चूल आता धूर छान ओढते." त्याने मागे वळून पाहिलं, मागे दुसरा कोणी स्ट्रोबल नव्हता. ओळखलंत कसं, म्हणून त्याने विचारलं. डोळ्यांना कुठे काजळी लागते, असं म्हणून ती पुढे गेली.

एवढ्या एका कारणासाठी स्ट्रोबलने चकती तिच्याकडे नेली. ती चांगली चित्रकार आहे की वाईट, याचा विचारही त्याने केला नाही.

सहा रविवार तो तिच्या खिडकीशी बसला. स्तब्ध बसू नका, बोला, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं. काय बोलायचं हे त्याला सुचेना, म्हणून त्याने छपरांबद्दल सांगायला सुरुवात केली. पहाटे वर चढलं की तळ्यावरचं धुकं खालून दुधासारखं कसं वर येतं. नोटरीच्या छपरावर ऊन आधी पडतं आणि बेकरीच्या छपरावर सगळ्यांत शेवटी, तरी एर्टलबाईच्या धुराड्याजवळ उभं राहिलं की पायांना सगळ्यांत आधी ऊब लागते. वरून माणसांच्या फक्त टोप्या दिसतात, आणि टोपीवरून माणूस कुठल्या मनःस्थितीत चाललाय ते कळतं. तो वर शिट्टी वाजवतो, बँडची सगळी गाणी, एकामागून एक, आणि खाली कोणालाही ऐकू येत नाही. हे त्याने सत्तावीस वर्षांच्या संसारात झेन्झीलाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं.

बाई चित्र काढताना चकती त्याच्याकडे पाठ करून ठेवायची. सहाव्या रविवारी, जत्रेला आठ दिवस उरले असताना, तिने ती फिरवली.

चकतीभर एकच चेहरा होता. कपाळ निळं, पहाटेच्या आकाशाचं असतं तसं. डावा गाल हळदीसारखा पिवळा, उजवा तांबडा. नाकाच्या कडेपासून हनुवटीपर्यंत एक हिरवा पट्टा. मिशा नारिंगी, मान शेंदरी, मागे जांभळं. काळा रंग अख्ख्या चित्रात कुठे औषधालाही नव्हता. रंग जाड होते, ब्रशाचे फटकारे उघडे दिसत होते, आणि त्या सगळ्या रंगांच्या कल्लोळात चेहरा हसत होता. तोंडाने नव्हे, सगळ्या अंगाने.

स्ट्रोबलच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. छपरावर आपण शिट्टी वाजवतोय आणि खाली रस्त्यावर कोणीतरी थांबून ते गाणं पुढे गातंय, असं त्याला वाटलं. हा आपल्यासारखा दिसतो की नाही, हे त्याला ठरवता येईना. पण हा आपण आहोत याबद्दल त्याच्या मनात शंका राहिली नाही.

मग त्याची नजर चकतीच्या मध्यावर गेली आणि तिथे नाक होतं.

"हरिण कुठाय?" त्याने विचारलं.

"कसलं हरिण?"

"मधे हरिण असतं ना बाई. गोळ्या मारायला."

फ्रॉयलाइन टोर्बेकेच्या हातातून ब्रश खाली पडला. लाकडाची एवढी जाड फळी कशाला, असा तिला प्रश्न पडला होता, पण या गावात सगळंच जाड असतं म्हणून तिने विचारलं नव्हतं. स्ट्रोबलने सांगितलं नव्हतं, कारण चकतीवर गोळ्या मारतात हे सांगायचं असतं, हे लिंडनाखमध्ये जन्मलेल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. चर्चमध्ये घंटा असते हे कोण कोणाला सांगतं?

"म्हणजे तुमचे मित्र," ती सावकाश म्हणाली, "तुमच्या तोंडावर गोळ्या झाडणार?"

"बावीस. माझी धरून."

ती खुर्चीत बसली. मग तिने पदरचं दुसरं लाकूड आणून आठ दिवसांत तळं-डोंगर-हरिण काढून द्यायची तयारी दाखवली. हरिण साध्या रंगाचं काढीन, असंही म्हणाली, आणि हे कबूल करणं तिला किती जड गेलं ते दिसत होतं. स्ट्रोबलने विचार करतो म्हणून सांगितलं आणि चकती चादरीत गुंडाळून घरी नेली.

झेन्झीने चादर काढली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती सुताराची मुलगी, बोलण्याआधी माप घेणारी. आधी तिने हिरव्या पट्ट्याला नावं ठेवली. मग मिशांना. मग दोन पावलं मागे गेली, भांड्यांच्या फळीला पाठ लागेपर्यंत.

"हा असा तू तिच्यासमोर बसला होतास?"

"बोलत होतो नुसता."

"माझ्यासमोर कधी बसलास असा?" तिने विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "बसला होतास. लग्नाआधी. बापाच्या कारखान्यात भुश्शाच्या ढिगावर. मला वाटलं, गेलं ते." मग चादर पुन्हा नीट पसरून घालत ती पुटपुटली की मेल्या प्रशियनांना नाही तिथे नजर असते.

पण गोष्ट घरात राहिली नाही. मंगळवारी अध्यक्ष ह्योल्झ्ल स्वतः आले. त्यांच्यामागे रांबोल्ड, आणि रांबोल्डच्या मागे हात खिशात घालून फेंक. चकती बघून रांबोल्ड इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. राजे, तुम्हाला कावीळ झाली की गोवर ते एकदा ठरवा, असं तो म्हणाला. ह्योल्झ्ल हसले नाहीत. शेजारच्या तीन गावांची मंडळं जत्रेला येतात, ही त्यांची काळजी. शिवाय माणसाच्या तोंडावर गोळी मारायची म्हणजे काय. त्यांनी तोडगा आणला होता. फेंक दोन दिवसांत यावरूनच पांढरा रंग फिरवेल आणि नेहमीचं चित्र काढून देईल. धुतलेला चेहरा कोपऱ्यात काढायलाही तो तयार आहे. खाली नाव लिहू, म्हणजे लोकांना कळेल.

खाली नाव लिहू, हे त्यांनी समजूत घालण्यासाठी म्हटलं होतं. तेच नेमकं स्ट्रोबलला लागलं. गावात दोनशे बारा घरं, आणि त्याच्या चेहऱ्याखाली पाटी लावावी लागणार, शवपेटीला लावतात तशी.

त्याने मंडळाची नियमांची वही आणायला सांगितलं. ह्योल्झ्ल यांच्या कोटाच्या खिशात ती नेहमी असायचीच. कलम नववं: चकती राजाने द्यावी व मंडळाने स्वीकारावी. हरणाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. एकशे चौदा वर्षांत कोणी ते पाहिलंच नव्हतं.

"चकती हीच," स्ट्रोबल म्हणाला. "मारा खुशाल."

"कोर्बी, अरे तोंडाची चाळण होईल," ह्योल्झ्ल म्हणाले.

"होऊ दे. बघतील तरी."

जत्रेचा रविवार स्वच्छ उजाडला. डोंगर धुऊन ठेवल्यासारखे दिसत होते. चर्चपासून मैदानापर्यंत बँड, मागे राजा, आणि राजाच्या मागे खांबाला बांधलेली, चादरीने झाकलेली चकती. एर्टलबाईने मैदानावर कढई लावली होती आणि तुपात गोड पुऱ्या तळत होती, मधे पातळ, कडेला फुगलेल्या. राजाच्या साखळीकडे बघून तिने स्ट्रोबलला अहो-जाहो केलं आणि आपण कुठल्या गावाहून आलात, असं विचारलं. मग साखळी आपल्याच गावची आहे हे लक्षात येऊन तिने जीभ चावली. झेन्झीने पुरी घेतली आणि फ्रॉयलाइन टोर्बेकेला दंडाला धरून आपल्या शेजारी बाकावर बसवलं. बाईचा चेहरा पांढरा पडला होता. तिला परत जायचं होतं. झेन्झीने तिच्या हातात दुसरी पुरी दिली.

चादर काढली तेव्हा चकतीजवळ उभी असलेली मंडळी हसली. शेजारगावच्या एकाने विचारलं, हे काय कोबीच्या शेतावर इंद्रधनुष्य पडलंय का. लुकासने चकती उचलली, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन खांबावर चढवली आणि स्वतः खड्ड्यात उतरला. नेमबाज आपल्या पडवीत आले. तिथून चकती एकशे तीस पावलं.

पहिला मान रांबोल्डचा. त्याने बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला, आणि तसाच राहिला. लोक वाट बघत होते. त्याने बंदूक खाली घेतली, डोळा पुसला, पुन्हा लावली, पुन्हा खाली घेतली.

"काय झालं?" ह्योल्झ्लनी विचारलं.

"तोच आहे तिथे," रांबोल्ड म्हणाला.

"कोण?"

"कोण काय, कोर्बी. बघा की."

सगळे पडवीच्या कठड्याशी आले. जवळून जे रंगांचं भांडण दिसत होतं ते एकशे तीस पावलांवर मिटलं होतं. हिरवा पट्टा गालाच्या वळणात शिरला होता आणि सावली झाला होता. निळं कपाळ मागे सरकलं होतं, पिवळ्या गालावर ऊन पडलं होतं. मान आणि मिशा जिवंत, तांबूस. मैदानाच्या टोकाला, गवताच्या वर, धुतलेला कोर्बिनियान स्ट्रोबल आपल्या मित्रांकडे बघून इतका खुशीत हसत होता की दोघातिघांनी नकळत हात वर केला. आणि मग ते सगळे वळून, साखळी घालून कोपऱ्यात उभ्या असलेल्या स्ट्रोबलकडे बघायला लागले. चकतीकडे, मग त्याच्याकडे, पुन्हा चकतीकडे. चोवीस वर्षं ज्याच्याबरोबर बियर प्यायले त्याच्या गालावर खळी पडते, ही बातमी त्यांना त्या दिवशी मिळाली.

"मी नाही नाकावर मारणार," रांबोल्ड म्हणाला.

पण चकतीवर गोळी मारायचीच, हा नियम. चकतीबाहेर गेली तर सगळ्या मैदानाला बियर पाजावी लागते, हाही नियम. रांबोल्डने पाच मिनिटं नेम धरला. गोळी सुटली. लुकासची काठी वर आली आणि चकतीच्या अगदी कडेला, जांभळ्या रंगात, बोटभर आत थांबली.

त्यानंतर लिंडनाखच्या नेमबाजांनी जी नेमबाजी केली तशी त्यांनी आधी कधी केली नव्हती. मधल्या हरणाला मारणं कोणालाही जमतं. चार बोटं रुंदीच्या जांभळ्या कडेवर, चेहऱ्याला धक्का न लावता आणि बाहेरही न जाता गोळी बसवायची म्हणजे काम होतं. प्रत्येक जण आधी मिनिट-दोन मिनिटं तो चेहरा न्याहाळायचा, कान कुठे संपतो, केस कुठे सुरू होतात ते मनात धरून ठेवायचा, आणि मग श्वास रोखायचा. ह्योल्झ्लना दरदरून घाम फुटला. त्यांची गोळी कानापासून अंगठाभर दूर बसली आणि त्यांनी झालं एकदाचं म्हणून कठड्यावर डोकं टेकलं. नोटरीने चष्मा बदलून मारली. शेजारगावची माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि कशासाठी ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

फेंकची पाळी विसावी होती. त्याने सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घेतला. बंदूक लावायच्याही आधी तो नुसता उभा राहून बघत होता, डोळे बारीक करून, आपल्याच दुकानाची पाटी रस्त्यापलीकडून बघावी तसा.

"हिरव्याशिवाय तो गाल वळलाच नसता," तो स्वतःशीच म्हणाला. मग बाकाकडे वळून, टोपीला हात लावून, प्रशियन बाईला त्याने विचारलं की हे इतक्या लांबून असं दिसेल हे तिला ठाऊक होतं का. ती खरं बोलली. अजिबात ठाऊक नव्हतं. स्ट्रोबल बोलत असताना तिला जे रंग दिसले ते तिने लावले. फेंकने मान डोलावली आणि आपली गोळी हनुवटीच्या बरोबर खाली, कडेला बसवली.

शेवटची गोळी राजाची. सगळे बाजूला झाले. स्ट्रोबलने बंदूक उचलली आणि समोर स्वतःला पाहिलं. आतापर्यंत तो कोपऱ्यात होता, लोकांच्या पाठी आडव्या येत होत्या. आता मधे काही नव्हतं. एकवीस खुंट्यांच्या गोलात, वाऱ्यावर, उन्हात, तो तिथे होता. त्याला हसू आलं. ते चकतीवरच्या माणसाचंही होतं, त्यामुळे आवरेना. खांदे हलायला लागले आणि बंदूक उडाली.

लुकास खड्ड्यातून बाहेरच आला. गोळी डाव्या कानाच्या पाळीतून गेली होती. दिवसभरातली मध्याच्या सर्वांत जवळची गोळी तीच, म्हणून रिबिनी बांधलेला बक्षिसाचा मेंढा राजालाच मिळाला. स्वतःच्या कानावर मारून मेंढा जिंकणारा हा पहिलाच, असं रांबोल्ड ओरडून सांगत होता. झेन्झीने येऊन नवऱ्याचा खरा कान तपासला, मेंढ्याचा दोर हातात घेतला आणि मेंढा रांबोल्डकडे कापायला जाणार नाही, हे तिथल्या तिथे जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी, जत्रेच्या सोमवारी, कोणी कामाला जात नाही. स्ट्रोबल धुतलेल्या तोंडानेच बाजारात निघाला आणि चौकात पोहोचायला त्याला पाऊण तास लागला. लोक त्याला थांबवत होते. हनुवटी वर कर. उजेडाकडे वळ. खरंच हिरवं आहे का ते बघायचंय. नोटरीने त्याला वाटेत धरून आपली टोपी काढली, दीड वर्षापूर्वीच्या त्या तळ्याच्या वाटेबद्दल माफी मागितली, आणि मग राहवेना म्हणून त्याच्या गालाजवळ चष्मा नेला. वाढपीण खाणावळीच्या दारातून ओरडली की स्ट्रोबलसाहेब, तुमची नेहमीची खुर्ची रिकामी आहे. त्याची नेहमीची खुर्ची असते, हे त्याला तेव्हाच कळलं.

एर्टलबाई तर पिठाच्या हातांनी बाहेर आली. कालची चूक तिच्या मनात सलत होती. तिने त्याला दुकानाच्या हिरव्या कापडी छताखाली उभं केलं, दंडाला धरून थोडं डावीकडे फिरवलं, आणि एक पाऊल मागे झाली.

"आहे," ती म्हणाली. "नाकाच्या बाजूला. अगं बाई, आहे की. इतकी वर्षं मी तुझी गुंडी बघत बसले."

"छत हिरवं आहे तुझं," स्ट्रोबल म्हणाला. "सगळ्यांचीच नाकं हिरवी दिसतील."

"गप्प उभा राहा."

आणखी चार बायका जमल्या. एकीला कपाळाचा निळा सापडत होता, दुसरी म्हणत होती तो फक्त सकाळी असेल. स्ट्रोबल मान वर करून उभा होता, लाजत होता, आणि मान शेंदरी होत होती तशी त्यांची खात्री वाढत होती.

जत्रेसाठी म्युनिकहून आलेलं एक जोडपं त्या घोळक्यापाशी थांबलं. बाजाराच्या मधोमध, साध्या काळ्या कोटातला एक माणूस, आणि पाच बायका त्याच्या तोंडाकडे बघताहेत, हे काय आहे ते त्यांना कळेना. त्या गृहस्थाने एर्टलबाईला विचारलं, हे कोण, कोणी मोठे आहेत का.

एर्टलबाईने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने समोरच्या चर्चकडे बोट दाखवून ही कसली इमारत म्हणून विचारलं होतं.

"हा स्ट्रोबल," ती म्हणाली, आणि पुन्हा त्याचा चेहरा बघायला वळली.